राजगीरला नेलेला टाक

५ फेब्रु., गुरुवार. बदनापूर
नातीला, प्रज्ञाला परत डाग दिसला. सहावा महिना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, खाटेवरून उठायचं नाही. राहुल तिला जालन्याहून दुपारी घेऊन आला. माझ्याशी धड बोलला नाही. लेकीचं पहिलं बाळंतपण, बाप घाबरणारच.
मी कशानं घाबरलो ते त्याला माहीत नाही.
जुनी भिंत पाडली तो सोमवार. पहिला डाग बुधवारी. इथं लिहून ठेवतो, बोलणार कुठंच नाही.

६ फेब्रु., शुक्र.
भिंतीतून काय निघालं ते एकदा नीट लिहितो, नाहीतर डोक्यात फिरत राहतं. स्वयंपाकघरामागची मातीची भिंत. तिच्यात लिंपून बुजवलेली देवळी. देवळीत पितळी करंडा, करंड्यात हिरव्या खणाचा तुकडा, त्यात चांदीचा टाक. बोटाच्या पेराएवढा. देवी आहे. कोणती ते कळत नाही, नाकडोळे झिजलेत. हळद अजून हाताला लागते. गवंडी चहाला गेला होता म्हणून मलाच सापडलं.
छप्पनच्या दीक्षेनंतर बापानं घरातले देव टोपल्यात भरून दुधना नदीत सोडले. मी चार-पाच वर्षांचा, चुलत्याच्या खांद्यावर. टोपलं उलटं केलं तेव्हा लोकांनी जयजयकार केला. आई मागं उभी होती, कमरेवर हात दाबून. पोट दुखत असेल असं वाटलं होतं.
त्याच भिंतीला टेकून मी जन्मभर जेवलो.

७ फेब्रु.
विहारात वंदना मी सांगतो. सातवी पास, रेल्वेतला गँगमन, पण आवाज खणखणीत म्हणून. बावीस प्रतिज्ञाही मीच म्हणून घेतो. राहुल समितीचा सचिव. गेल्या वर्षी गंगूबाईच्या दाराला लिंबू-मिरची दिसली तेव्हा पुनवेला भर विहारात तिला उभं केलं ते मीच. "बाबासाहेबांनी कशातून काढलं अन् तुम्ही कशात चालल्या?" असं बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती नुसती पदर चोळत उभी.
हे कळलं तर राहुलनं तोंड कुठं लपवायचं?

८ फेब्रु., रवि.
उद्या बसनं सहल. एक्केचाळीस माणसं, भन्तेजी सोबत. सारनाथ, बुद्धगया, राजगीर.
टाक फेकायचा धीर नाही. फेकला अन् प्रज्ञाला काही झालं तर. ठेवायचाही धीर नाही. परवा भन्तेजी सांगत होते, राजगीरला तथागत राहिले, महावीर राहिले, हिंदूंची गरम पाण्याची कुंडं आहेत, एका मुसलमान फकिराचं पण ठिकाण आहे. एवढ्या सगळ्यांच्या गावात हिला कुणीतरी घेईल. हातात द्यायची, हात जोडायचे, निघायचं. टाकून दिल्यासारखं होणार नाही.
टाक बी.पी.च्या गोळ्यांच्या डबीत ठेवला. ती डबी कुणी उघडत नाही.
राहुलची आई म्हणाली, "नात अशी पडलेली अन् तुम्ही फिरायला चालले." काय सांगू हिला.

९ फेब्रु., सोम. नागपूर
गंगूबाईची सीट नेमकी माझ्या मागं. पिशवी मांडीवरच ठेवली होती. वाशिमच्या पुढं तिनं मोठ्यानं विचारलं, "दादा, पिशवी वर ठेवा की. अंडं उबवून राह्यले का?"
सगळी गाडी हसली. मी पण हसलो. घाम पुसला.
दीक्षाभूमीवर डोकं टेकताना डबी खिशात टोचत होती. माफी मागितली. कुणाची ते नक्की सांगता येत नाही.

११ फेब्रु. सारनाथ
गंगेच्या पुलावरून गाडी गेली. बाया खिडकीतून नाणी टाकून राहिल्या, भन्तेजी नको नको म्हणत होते. मनात आलं, हीच जागा. एवढं पाणी. डबी उघडली, काच सरकवली, काच हलेना. दोन्ही हातांनी ओढली. मागून गंगूबाई, "काय दादा, तुम्ही पण नाणं टाकून राह्यले?"
"वारं पाहिजे होतं."
"ए.सी. लावलाय की."
पूल संपला. बरंच झालं. फेकायचं नाही असं ठरलं होतं ना?

१२ फेब्रु., गुरु. बुद्धगया
महाबोधीच्या दारात तपासणी. मशीन वाजलं. शिपायानं डबी उघडायला लावली. गोळ्यांखाली बोट घातलं. "ई का है?"
मी म्हणालो, "दवाई."
त्यानं टाक उलटापालटा करून पाहिला, माझ्याकडं पाहिलं, परत डबीत ठेवला. का सोडलं कोण जाणे. बोधिवृक्षाखाली सगळे डोळे मिटून बसले. माझे डोळे उघडेच. ज्या झाडाखाली भीती संपते म्हणतात तिथं बसून मी डबी चाचपत होतो.
घरी फोन. प्रज्ञा तशीच. पडून आहे.

१३ फेब्रु., शुक्र. राजगीर
क्रमानं लिहितो.
सकाळी आधी वेळुवन. तिथून सगळे तळ्याच्या कडेनं फोटो काढत राहिले, मी लघवीचं सांगून सटकलो.
पहिलं ब्रह्मकुंड. पाण्याच्या वाफा, ओल्या धोतरांची गर्दी. एका पंड्याला हात जोडले. टाक दाखवायच्या आधीच त्यानं सुरू केलं, नाम बोलिए, गाँव बोलिए, गोत्र बोलिए. गोत्र आम्हाला कुठलं? तोंडातून निघालं, "बदनापूर." तो म्हणाला, "वो तो गाँव हुआ, गोत्र?" त्याच्या मागं आणखी दोघं वळून बघायला लागले. लहानपणी देवळाच्या पायरीवर चढलो होतो तेव्हा असंच बघितलं होतं लोकांनी. निघालो. पळालोच म्हणा.
मग जैनांचं मंदिर. बाहेरचा माणूस फार सभ्य. "बाबूजी, हमारे यहाँ देवी ऐसे नहीं रखते." चामड्याचा पट्टा काढून ठेवा म्हणाला तोवर मी माघारी फिरलो होतो.
मग फकिराचं कुंड. तिथं सावली, शांत. दारात चपला सांभाळणारा म्हातारा, माझ्याच वयाचा. त्यानं पाणी दिलं. मी आमच्याकडच्या हिंदीत सगळं सांगून टाकलं. माँ ने दिवार में छुपाया था, पोती बीमार है, डर लगता है. या एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणाला सांगितलं. त्यानं पूर्ण ऐकलं. मग हसला, दात नव्हतेच. "बाबा, हम तो चप्पल सँभालते हैं. ई हमसे नहीं सँभलेगा."
चप्पल मात्र पुसून दिली.

दुपारी रोपवे. डोंगरावर पांढरा स्तूप. तिथं एकेकट्याची खुर्ची, तारेला लोंबणारी, थांबतच नाही. पोरं ढकलून बसवतात. मी नको म्हणालो, भन्तेजी म्हणाले, इथवर येऊन? बसलो. जन्मभर जमिनीवर रूळ ठोकले, पायाखाली कधी हवा नव्हती. पुढच्या खुर्चीवर गंगूबाई, मान वळवून ओरडत होती, "दादा, खाली बघू नका! माझ्या अंबाड्याकडं बघा!"
वर काय पाहिलं ते आठवत नाही.
उतरताना ठरवलं. कुणी घेत नाही, मग इथंच, डोंगराच्या पोटात. टाक रुमालात गुंडाळून मुठीत धरला होता. खाली दरी, बांबू, झाडं. डोळे मिटले, मूठ उघडली. डोळे उघडले तर रुमाल गिरक्या घेत खाली चाललेला. टाक तळहातालाच. घामानं चिकटलेला. तो काढायला दुसऱ्या हातानं दांडा सोडावा लागणार, दांडा सोडवेना. तसाच हात पसरून खाली आलो, भीक मागितल्यासारखा.
खाली गंगूबाई आधी उतरली होती. मला उतरवायला तिनं माझा हात धरला. तोच हात.
तिनं पाहिलं. माझी मूठ तिनंच मिटली.
संध्याकाळी फोन. राहुलची आई म्हणाली, "दुपारी पोटात कळ आल्ती तिच्या. आता थांबली." दुपारी किती वाजता, हे विचारायचं धाडस झालं नाही.

१४ फेब्रु., शनि. परतीच्या वाटेवर
सिलावला गाडी थांबली, सगळे खाजा घ्यायला उतरले. गंगूबाई उतरली नाही. मी पण नाही.
"कोणाचा?"
"आईचा. भिंतीत निघाला."
"अन् इकडं कशाला आणला?"
सांगितलं. प्रज्ञाचंही सांगितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.
"लिंबू बांधलं तव्हा माझा नातू चार दिवस तापानं फणफणत व्हता. तुम्ही इचारलं न्हाई. उभं केलं."
"चुकलो."
"इथं गाडीत चुकलो म्हणून राह्यले. सगळी माणसं खाजा खायाला गेल्यावर."
तिनं पदरानं काच पुसली.
"मी कोणाला सांगणार न्हाई. माझ्या तोंडून एक शब्द जायचा न्हाई, बिलकुल. पण पुनवेला तुम्ही सांगा. मला उभं केलं व्हतं त्याच जागी."
"राहुल सचिव आहे, गंगूबाई."
"माझा पोरगा पण तिथंच बसेल व्हता."
तेवढ्यात लोक चढले. कुणीतरी तिला खाजा दिला. तिनं अर्धा तोडून माझ्या हातावर ठेवला. खाल्ला. चव लागली नाही.

१७ फेब्रु., मंगळ. बदनापूर
घरी. प्रज्ञाच्या उशाला बसलो. "आजोबा, काय आणलं?" बोधिवृक्षाचं पान दिलं, प्लास्टिकमधलं. तिनं पोटावर ठेवलं अन् हसली. डबी माझ्या खिशात, तिच्यापासून वीतभर. उठून बाहेर गेलो.
पाडलेल्या जागी नवी भिंत उभी राहिली, सिमेंटची. आता बुजवायला देवळी पण नाही.

२६ फेब्रु.
डाग नाही, नऊ दिवस. मोजतोय. टाक घरात आहे म्हणून बरं आहे, की टाक असूनही बरं आहे? दुसऱ्यानं असं विचारलं असतं तर मी त्याला विहारात उभं केलं असतं.

३ मार्च, मंगळ. पुनव
आज ग्रहण. चंद्र लागलेलाच उगवणार म्हणतात. सकाळी राहुलच्या आईनं प्रज्ञाच्या जवळचा चाकू, सुई, कात्री गुपचूप उचलून नेली. मी पाहिलं. दर ग्रहणाला मी विहारात बोलतो, सावली आहे, दुसरं काही नाही. आज काही बोललो नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं, तिलाही नवल वाटलं असणार. "तुम्ही बरे हायेत ना?"
तिला सांगावं वाटलं. पहिल्यांदा तिलाच सांगायला हवं होतं. पण ती कात्री फडक्यात गुंडाळत होती.
परवा प्रज्ञाला तपासायला न्यायचं आहे. तोवर गप्प राहिलो तर काय बिघडतं? असं पुढच्या पुनवेलाही वाटेल. आई अशीच गप्प राहिली असेल, एकेक पुनव करत. तिनं कधी भिंतीला हात लावल्याचं मी पाहिलं नाही. नुसती पाठ टेकून बसायची.
तीन वाजता गंगूबाई दारात आली. आत नाही आली. "वंदना सहालाच ना, दादा?"
"सहालाच."
"बरं." गेली.
काय बोलायचं ते कागदावर लिहिलं होतं. चार ओळी. फाडला. कागद बघून वाचलं तर वंदनेसारखंच होईल.
पांढरा सदरा घातला. टाक वरच्या खिशात ठेवला. कापड झिरझिरीत, आतून दिसतो. कोट घालावा म्हणून खुंटीपाशी गेलो, एवढ्या उकाड्यात कोट घातला तर लोक विचारतील. तसाच राहू दिला.
छाती धडधडते तेव्हा तो हलतो.
राहुल खालून हाक मारतोय, "बाबा, चला, लोक बसले."