विसण

बाबा, तुम्ही गेल्यावर आपल्या गावात कोणी दवंडी दिली नाही. कोतवालाची जागा भरली गेली, पण नवा कोतवाल मोबाइलवर निरोप टाकतो आणि फारच महत्त्वाचं असेल तर ग्रामपंचायतीची कचऱ्याची गाडी भोंगा लावून गल्लीगल्लीतून फिरते. या उन्हाळ्यात त्या भोंग्यातून माझा आवाज फिरला. मी आता आपल्याच गावच्या उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे, तात्पुरत्या नेमणुकीवर. गावात कावीळ पसरली आणि लोकांना काय सांगायचं ते सांगण्याचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी गाडी चौकातून गेली तेव्हा पारावरचे म्हातारे म्हणाले, कोतवालाची पोट्टी कोतवालच निघाली. मला ते ऐकून बरं वाटलं होतं.

शाळेत नाव घालायच्या आधी मी वाचायला शिकले ते तुमच्याकडे येणाऱ्या सरकारी कागदांवर. छापील अक्षर तुम्हाला लागायचं, साहेबांच्या हातचं लागत नसे, आणि हे गावाला कळू द्यायचं नव्हतं. आई चुलीपुढे भाकरी थापते आहे, मी पाटावर बसून एकेक शब्द जुळवून वाचते आहे आणि तुम्ही डोळे मिटून ऐकता आहात. दोनदा ऐकलं की तुमचं पाठ. मग माझी परीक्षा. मी आपल्या ओट्यावर उभी राहून तोच हुकूम ओरडून सांगायचा आणि तुम्ही चौकापलीकडे पारापाशी उभं राहून ऐकायचं. आवाज पोचला नाही तर पुन्हा. शब्द बदलला तर डफड्याचं टिपरू माझ्या तळहातावर. एकदा लहान मुलांना डोस पाजायला रविवारी शाळेत आणावे, असा कागद होता. मी तो नीट सांगितला आणि शेवटी आपणहून म्हणाले, विसरू नका बरं. तुम्ही चौक ओलांडून आलात आणि चार माणसांदेखत माझा हात पुढे करायला लावलात. "तू कोन? सरकार हायेस का? लोकं विसरतीन तं विसरतीन. हुकूम जसा हाये तसा सांगाचा. आपल्या पदरचं एक अक्षर घालाचं नाई." आई आतून म्हणाली, "सात वर्साची हाये हो थे." तुम्ही म्हणालात, "मंग आठव्या वर्सी सुदरन." त्याच आठवड्यात अमडापूरच्या बाजारातून तुम्ही माझ्यासाठी लाल रिबन आणलीत आणि न बोलता दप्तरात टाकलीत. मी ती वापरली नाही, हे तुम्ही पाहिलंत आणि तेही बोलला नाहीत.

मी सुधारले. आठव्या वर्षी नाही, पण सुधारले. आजही कुठला कागद माझ्याकडून एका काना-मात्रेनेही इकडेतिकडे होत नाही. रजिस्टर लिहून झाल्यावर मी ते तीनदा वाचते, घरी आल्यावर गॅस बंद आहे की नाही ते पाहावं तसं पुन्हा उघडते. सोबतच्या बायका हसतात. पण तुमच्या शाळेत आणखी एक धडा होता, तो तुम्ही शिकवला नव्हता, मी पाहून शिकले. चौथीत होते तेव्हा गावात कुत्रं पिसाळलं. कागदावर होतं, नागरिकांनी पिसाळलेल्या कुत्र्यापासून सावध राहावे. तुम्ही तेवढीच दवंडी दिलीत. पण आदल्या दिवशी ते कुत्रं पिठाच्या गिरणीमागे दडताना तुम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. घरी येऊन माझी वेणी धरून म्हणालात, "गिरनीच्या आंगानं गेली तं तंगडी तोडीन." तिसऱ्या दिवशी माझ्या वर्गातल्या मुलीला गिरणीमागेच चावलं. सुया घेऊन ती वाचली, पोटरीचा लचका मात्र गेला, ती अजून पाय ओढत चालते. मी तुम्हाला विचारलं, गिरणीचं काऊन नाही सांगितलं? तुम्ही ताटावरून मान वर न करता म्हणालात, "कागदात गिरनी नव्हती." आणि आईकडे आणखी कालवण मागितलंत.

आता या उन्हाळ्याचं. नळ आठव्या दिवशी येतो, हे तुमच्या वेळेसारखंच. लोक ड्रम भरून ठेवतात. नळाची पाइप खालच्या गल्लीत नालीतून गेली आहे, ती कुठेतरी फुटली होती आणि पंप बंद झाला की नालीचं पाणी आत ओढलं जायचं. कावीळ आधी त्या गल्लीत आली, मग सगळीकडे. तालुक्याहून कागद आला: नागरिकांनी घाबरून जाऊ नये, पाणी उकळून प्यावे, उघड्यावरचे खाऊ नये, लक्षणे दिसल्यास उपकेंद्रात यावे. घरभेटींत गर्भवतींची यादी करावी असंही होतं. मी साहेबांना फोन केला. म्हटलं, सर, पाण्यातून होणारी ही कावीळ दिवस भरत आलेल्या बाईच्या जिवावर बेतते, हे भोंग्यावरून सांगू का? ते म्हणाले, "मॅडम, कागदात आहे तेवढंच सांगा. उगाच घबराट नको." मी बरं म्हटलं. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं, ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर गेल्यासारखं.

यादीत पहिलं नाव आपल्याच घरचं होतं. दादाची बायको, म्हणजे माझी वहिनी, तिला सातवा लागला होता. तिला मी स्वयंपाकघरात बसवलं आणि सगळं सांगितलं. ही साधी कावीळ नाही. पोटुशी बाई चार दिवसांत हातची जाऊ शकते. उकळलेलं पाणी झाकून त्याच भांड्यात निवू द्यायचं, वरून गार पाणी घालायचं नाही, नाहीतर उकळलं काय आणि न उकळलं काय, सारखंच. आणि खरं म्हणजे इथे थांबूच नकोस, उद्या सकाळच्या गाडीने माहेरी देऊळघाटला जा. ती हसली. "ताई, तुमच्या भोंग्यात तं म्हनता, घाबरू नका."

"ते गावासाठी आहे," मी म्हणाले.

"आन मी गावात नाई का?" एवढं म्हणून ती पिशवी भरायला उठली. दुसऱ्या दिवशी मी तिला गाडीत बसवून दिलं, मग भोंग्याच्या गाडीवाल्याकडे गेले आणि आवाज थोडा वाढवायला सांगितला.

यादीतलं दुसरं घर आपल्यापासून चार दारं सोडून. त्या घरातल्या म्हातारीला मी लहानपणापासून मावशी म्हणते. तिच्या सुनेला आठवा महिना होता. मी दारात उभी राहिले तेव्हा चुलीवर पातेलं खदखदत होतं, म्हणजे भोंगा पोचला होता. मावशीने तांब्याभर उकळतं पाणी काढलं आणि आंघोळीच्या पाण्यात घालावं तसं माठातलं गार पाणी त्यात ओतलं. बोट बुडवून पाहिलं, आणखी ओतलं. माझ्यासमोर. मी विचारलं, "मावशी, पाणी उकळता ना?"

"उकयतो ना. तुह्या भोंग्यानं कान किटले, न उकयून सांगतो कोनाले?" मग सुनेच्या हातात तांब्या देत म्हणाली, "पन पोटुशीले ऊन पानी बाधते. त्यात हा उन्हाया. म्हनून मी इसन घालतो." विसण घातलेलं ते पाणी सून उभ्याउभ्या पिऊ लागली. मावशी माझ्याकडे वळली. "तुह्या बापानं जनमभर डफडं वाजोलं, आता तू भोंगा वाजोते. तुमच्या घराले लोकाच्या दारात उभं राह्यल्याबिगर घास उतरत नाई वाटते." सुनेला हसू आलं. तोंडात पाणी होतं, ते पदरावर सांडलं. वाईट हसणं नव्हतं ते, माझ्याच वयाची मुलगी होती. मी उंबऱ्याला टेकवून रजिस्टर उघडलं आणि लिहिलं: पाणी उकळून पितात, समज दिली. आणि निघाले.

पुढचं फार नाही. काही आठवड्यांनी तिचे डोळे पिवळे झाले. मावशीने आधी झाडपाला बांधला, मग बुलढाण्याला नेलं. तिथे ती माणसं ओळखेनाशी झाली. नवऱ्याला मामा म्हणाली. ती आली नाही आणि पोटातलंही आलं नाही. मी त्यांच्या अंगणात इतर बायकांबरोबर बसले आणि इतरांइतकीच रडले, कमी नाही, जास्त नाही.

मग ग्रामपंचायतीत बैठक झाली. तालुक्याचे साहेब आले होते. त्यांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, या घराला सांगितलं होतं का? मी रजिस्टर उघडून त्यांच्यापुढे धरलं आणि म्हणाले, "हो, समज दिली होती." मागून कोणीतरी विचारलं की मग उकळून पाणी पिणारीला झालं कसं, आणि मावशी, जिला त्या खोलीतलं काहीच कळत नव्हतं, तिने सरळ सांगून टाकलं की मी इसन घालत होती. साहेब कपाळाला हात लावून म्हणाले, अहो आजी, मग उकळून उपयोग काय? एक माणूस म्हणाला, "म्हंजे बुढीनंच मारलं सुनेले." कोणी त्याला गप्प केलं नाही. मीही नाही. तिचा मुलगा भिंतीशी उभा होता, तो आईकडे न बघता बाहेर निघून गेला.

तेव्हापासून तो वेगळी चूल मांडून आहे, त्याच घरात, त्याच चुलीच्या शेजारी. मावशीने वाढलेलं खात नाही, तिने भरलेलं पाणी ओतून देतो. नळावर ती आली की बायका एकमेकींना म्हणतात, "सरक वं, मावशीले इसन घ्याचं हाये." आणि हसतात. त्यातल्या निम्म्या बायका स्वतः तेच करत होत्या, मला त्यांच्या घरभेटींवरून माहीत आहे. बैठकीच्या दुसऱ्या दिवशी मी कोणाला न विचारता भोंग्यासाठी नवीन वाक्य बोलून दिलं: उकळलेल्या पाण्यात गार पाणी मिसळू नका, गर्भवती बायकांना जास्त धोका आहे, त्यांना आधी दाखवा. साहेबांचा फोन आला, छान केलंत मॅडम म्हणाले. घबराट झाली नाही. यादीतल्या बायका आपापल्या सासवांना घेऊन उपकेंद्रात आल्या, तपासून गेल्या. माझा हात कोणी पुढे करायला लावला नाही. इतकं सोपं होतं ते.

वहिनी देऊळघाटला बाळंत झाली, मुलगी झाली, दोघी धडधाकट आहेत. बारशाला मावशीला बोलवायचं का, यावरून घरात वाद झाला. आई म्हणाली, जन्माचा शेजार आहे, बोलवा. दादा म्हणाला, "अपशकुनी हात पोरीले कायले लावाचा?" आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, दादा म्हणतो तसं करा. बारसं झालं, चार दारं पलीकडे गाण्यांचा आवाज जात असणार.

त्यानंतरच्या सोमवारी मावशी उपकेंद्रात आली. गोळ्या घ्यायला आली असेल असं मला वाटलं. बाकावर बसली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "तू दारात होती. म्या तुह्यासमोर इसन घातलं. घातलं का नाई?"

"घातलं."

"मंग तू काऊन नाई बोलली?"

मी म्हणाले, "कागदात तसं नव्हतं, मावशी."

तिने ते ऐकून घेतलं. चिडली नाही. जणू कागदाचं तिला पटलं. "बरं," ती म्हणाली. "मंग येवढंच माह्या पोराले सांग. का तिले कोनं सांगतलं नव्हतं म्हनाव, म्हातारीले मालूम नव्हतं म्हनाव. तो मले माय म्हनत नाई आता. तू सांगशीन तं आयकन तो, तू सरकारची हायेस." मी म्हणाले, येते. ती उठून गेली. दारात थांबून पुन्हा म्हणाली, "ये बरं, माय."

त्याला आता तीन आठवडे झाले. मी दोनदा त्यांच्या अंगणापर्यंत गेले. एकदा तो मुलगा बाहेरच बसला होता, ये म्हणाला, आणि मी त्याला घरातल्या माणसांचं रक्त तपासायचं राहिलंय असं सांगून परतले. त्याला खरं सांगितलं तर त्या रजिस्टरमधली ओळ खोटी ठरते आणि माझी नेमणूक जाईल, हे एक. ते मी स्वतःला रोज सांगते आणि ते खरंही आहे. इकडे म्हातारी भिंतीकडे तोंड करून एकटी जेवते, हे त्यांच्या खिडकीतून जाता-येता दिसतं.

बाबा, हे लिहायला बसले तेव्हा तुम्हाला जाब विचारायचा होता. टिपरू मारून मारून तुम्ही माझी जीभ कागदाला शिवून टाकलीत, गिरणीमागचं कुत्रं घरात सांगायचं आणि गावाला सांगायचं नाही हे तुमच्याकडून आलं, असं लिहायचं होतं. लिहिलंही. तुम्ही मी नववीत असतानाच गेलात, तुमच्याकडून उत्तर येणार नाही, म्हणून तुम्हाला लिहिणं सोपं. ज्याच्या हातात हे द्यायला हवं तो चार दारांवर आहे, आणि त्याच्याकडे मी हे नेणार नाही, आज तरी नाही.

पण दारात उभी असताना मला तुमची आठवण आलेली नव्हती. साहेबांचीही नाही. सगळं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, वहिनीला सांगितलेलं, जसंच्या तसं. तेवढ्यात मावशी तुमच्या डफड्यावरून बोलली आणि ती मुलगी हसली, आणि मला वाटलं, प्या मग तसंच. कागदात ते नव्हतं, हे मला चौकात पोचल्यावर सुचलं.