सावलीतला शिक्रा

हसनाबाद, १२ जानेवारी

ती. आबांना ज्योत्स्नाचा जयभीम, आईलाही.

फोनवर तुम्हाला बराबर ऐकू येत न्हाई, म्हणून लिहून राह्यले. तब्येत बिलकुल ठीक आहे. खोकला आल्ता, गेला. आईला सांगू नका.

इथल्या पक्ष्यांच्या मोजणीत सोमवारी मला एक शिक्रा दिसला. आपल्याकडचा न्हाई, हिवाळ्यात उत्तरेकडून क्वचित येतो त्या उपजातीतला. पाठ राखेसारखी फिकट, छातीवरच्या पट्ट्या जेमतेम. मोजणीचे साहेब म्हणाले, "उन्हात सगळेच फिकट दिसतात. वहीतून खोड ते." पहिल्या आठवड्यात मी खरंच उन्हाला फसून गावरान शिक्रा फिकट म्हणून लिहिला होता. तेच ते धरून बसलेत.

पण आबा, तुम्ही बाजारात बैल कधी उन्हात पारखला का? आधी लिंबाखाली आणायला लावायचे, मंगच रंग बघायचे. मी पण तेच केलं. तो बाभळीच्या सावलीत बसेपर्यंत दोन तास हलले न्हाई. सावलीतही तो तसाच फिकट!

साहेब म्हणाले, खोडलं न्हाई तर पुढच्या मोजणीला येऊ नको. न्हाई खोडलं. घरी बसावं लागलं तर बसीन.

आईचा गुडघा कसा आहे? शेळी व्याली का?

वहीत 'कसा ओळखला' असा रकाना आहे. त्यात पेन्सिलीनं न्हाई, पेनानं लिहिलंय: सावलीत बघून, आष्टीच्या कडूबा साळवे यांच्या रीतीनं. आता शिक्रा खोडायचा तर साहेबांना आधी तुमचं नाव खोडावं लागंल. बघू, हात धजतो का.

तुमचीच,
ज्योत्स्ना