भाविकाच्या गेमचं टेस्टिंग

८ सप्टेंबर, सोमवार
धाकट्या भावाच्या, हर्षदच्या बोटीवरचा विठू सुट्टीवर आला, दुकानात खोकं देऊन गेला. आत हातात धरून खेळायचा गेम, नवं मॉडेल. हर्षदने लेकीसाठी पाठवलाय. गणपतीला येतो म्हणाला आणि आला नाही, तेव्हापासून भाविका त्याच्या फोनवर येत नाही. बारा वर्षांची पोर, पण राग आमच्या घराण्याचा. हर्षदचा निरोप: दादा, लगेच मालगुंडला घरी नेऊन दे, मृणालीला आधी सांगू नको, ती लेकीला सांगून टाकेल.
उद्याच नेतो.

९ सप्टेंबर
नेला नाही. कारण आहे. वीस वर्षं मांडवीत पंखे-मिक्सर विकतोय. चालवून दाखवल्याशिवाय साधा बल्ब गिऱ्हाइकाला दिलेला नाही. मग सख्ख्या भावाची वस्तू तशीच कशी देऊ? एक दिवस टेस्टिंग.
स्क्रीन मोठा, उजेड जास्त. दुकानाबाहेर उन्हात धरला. स्वच्छ दिसतं. पास.

११ सप्टेंबर
बॅटरी पूर्ण उतरवल्याशिवाय अंदाज येत नाही. मोटारींच्या शर्यती लावल्या. खूपच टिकते. मधे एक बाई मिक्सरचं भांडं मागायला आली. शर्यत संपेपर्यंत थांबा म्हटलं. थांबली नाही.

१३ सप्टेंबर
खरी सुधारणा मोटार वळवायच्या दांडीत. भाविकाच्या जुन्या मॉडेलची दांडी आपोआप डावीकडे ओढायची. गणपतीत मी तिच्याकडून सारखा हरलो तो त्यामुळेच. नव्या दांडीत चुंबक आहे, झिजत नाही. पुरावा: आज एकही शर्यत हरलो नाही.
सरावासाठी कंपनीने एक प्रतिस्पर्धीसुद्धा आत घालून दिलाय. नाव 'बांगडा'. कोकणातल्या गिऱ्हाइकाचा एवढा विचार केला, कौतुक वाटलं. संध्याकाळी सातला हजर होतो. मठ्ठ आहे. शेवटच्या वळणावर हमखास भिंतीला धडकतो. जिंकल्यावर त्याला नाचणारा खेकडा पाठवता येतो. पाठवला.

१६ सप्टेंबर
सगुणाने विचारलं, पोरीची वस्तू कधी देताय. म्हटलं, आतल्या पंख्याचा आवाज तपासायचा राहिलाय. ती म्हणाली, तुमच्या घोरण्यापेक्षा कमीच आहे, द्या आता.
मग म्हणाली, भाविकाचा फोन होता. विठूकाका सगळ्यांचं सामान घेऊन आलेत म्हणे, बाबाने माझ्यासाठी काही नाही ना पाठवलं, असं विचारत होती.
जेवण गेलं नाही. रविवारी नक्की.

२१ सप्टेंबर, रविवार
ढग आहेत. रस्ता खराब असणार. बांगड्याला पुन्हा हरवलं, पण मजा आली नाही.

२२ सप्टेंबर
हर्षदचा फोन. आवाज इतका खुशीत की वाटलं प्रमोशन झालं. म्हणाला, दादा, तुझे उपकार. पोरगी फोनवर येत नाही, पण रोज सातला खेळायला येते. मृणालीलाही विचारलं नाही, विचारलं तर पोरगी बिथरायची. त्याने स्वतःसाठीही तसलाच घेतलाय आणि बोटीवरच्या वायफायवर खेळतो. पाठवण्याआधीच दोन्ही गेम एकमेकांना जोडून ठेवले होते; बांगडा म्हणजे तोच. मुद्दाम भिंतीला धडकतो, कारण तिला जिंकायला आवडतं. खेकडा आला की केबिनमध्ये एकटाच हसत बसतो. राग गेला तिचा, म्हणाला.
मी म्हटलं, हो, छान खेळते.
दुसरं काहीतरी म्हणायला हवं होतं.

२३ सप्टेंबर
दुकान बंद ठेवून मालगुंडला गेलो. भाविकाने विचारलं, काका, खोकं उघडं कसं. टेस्टिंग, म्हटलं. तिने स्क्रीनवरचे माझ्या बोटांचे डाग फ्रॉकला पुसले.
चहा पिऊन निघणार होतो, पण मृणालीने भजी काढली आणि सात वाजले. बांगडा आला. भाविकाने विचारलं, हा कोण. सांगितलं, तुझा बाबा. मग बाकीचंही सांगितलं, भिंतीकडे बघून. मृणाली भज्यांची बशी परत आत घेऊन गेली. भाविका आईचा फोन घेऊन पडवीत गेली. पुढच्या दाराची वाट पडवीतूनच. मी मागच्या दाराने निघालो.

२४ सप्टेंबर
हर्षदचा फोन. चिडेल म्हणून सगळी उत्तरं तयार ठेवली होती. चिडला नाही. भाविकाने काल स्वतःहून फोन केला, तासभर बोलली. एवढी ती त्याच्याशी जन्मात बोलली नव्हती म्हणे.
विचारलं, काय बोलली.
म्हणाला, सगळं तुझ्याबद्दलच.
विचारलं, म्हणजे काय काय.
म्हणाला, राहू दे, दादा.