त्याच बायका, आधी आणि नंतर

प्रिय शकुंतलामामी,

परवा अमडापूरला तुझ्या हातचं जेवून आले, पण जे सांगायला आले होते ते बोललेच नाही.

तुझ्या ओट्यावर दुपारी मन मोकळं करायला बसणाऱ्या बायकांची चिंता मी प्रबंधासाठी प्रश्नावलीनं दोनदा मोजली, बैठक सुरू होण्याआधी आणि तीन महिन्यांनी. मग तुला फोनवर सांगितलं, "फरक पडत नाही, मामी." तू बैठक बंद केलीस.

मी चाचणीच चुकीची लावली होती. दोन वेगवेगळ्या गटांसाठी असते ती. इथे बायका त्याच होत्या. प्रत्येकीची तुलना तिच्याच आधीच्या आकड्याशी करायला हवी होती. मार्गदर्शक सरांनी चूक दाखवल्यावर जोडीची टी-चाचणी लावली, तर चिंता कमी झाल्याचा फरक स्पष्ट निघाला. शिवाय आधीच्या चाचणीवरूनही "फरक दिसला नाही" एवढंच म्हणता आलं असतं. "पडत नाही" हे मी पदरचं घातलं.

परवा हे सांगणार, तेवढ्यात शेजारच्या आशाबाई दारात आल्या. "बैठक कधी चालू करता? मले झोप नाही येऊन राह्यली."

तू अभिमानानं माझ्याकडे बोट दाखवलंस. "आमच्या प्रांजलनं मोजून पाह्यलं. फरक नाही पडत. शिकेल पोरगी हाय, ते खोटं सांगन काय?"

आशाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्या परत गेल्या.

हे पत्र मी पाठवणार नाही. मान त्यांच्यासमोर डोलावली, तर सांगायचंही त्यांच्यासमोरच. धीर झाला तर रविवारी येते, आधी आशाबाईंकडे.

तुझी,
प्रांजल