जन्मतः अशक्त

३ नोव्हेंबर ७८, शुक्र.
ऑक्टोबरचे मृत्यूचे फॉर्म संपवले एकदाचे. ओटीवर बसून, चहा घेत. नियम असा की नर्सने मयताच्या घरी जायचं, काय काय होत होतं ते विचारायचं आणि मग कारण लिहायचं. मी कोतवालाला विचारते. तो फाटकाशी सायकल टेकवून नावं सांगतो, मी लिहिते. म्हातारा, खोकला. म्हातारी, वार्धक्य. मिठागराच्या पाड्यावरचं एक तान्हं, नाव नाही, बारसंच झालं नव्हतं. "काय झालं त्याला?" म्हटलं. "काय व्हनार, गेला," म्हणाला. लिहिलं, 'जन्मतः अशक्त'.
पप्पा पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "मी अशी घरी बसून हजेरी लावली असती तर शाळेतून हाकलला असता मला." रिटायर्ड मास्तरांना उत्तर देऊ नये.

९ नोव्हेंबर, गुरु.
आरोग्य केंद्रात मासिक सभा. नवे डॉ. हौशी आहेत. भिंतीवर आपल्या गावांचा नकाशा, त्यावर टाचण्या. काळी टाचणी म्हणजे धनुर्वाताने गेलेलं तान्हं. माझ्या भागात एकही काळी नाही. डॉ. सगळ्यांसमोर म्हणाले, "सिस्टरांकडून शिका. बाळंतिणींवर लक्ष म्हणजे काय ते." टाळ्या. गरोदर बायकांची धनुर्वाताची लस यंदा थोडीच आली आहे, ती काळ्या टाचण्यांच्या गावांना वाटून दिली. मला शून्य. "तुम्हाला गरज नाही."
परत येताना खूष होते. ही गोष्ट इथे लिहून ठेवते, कारण पुढे नाकारीन.

११ नोव्हें., शनि.
फॉर्मच्या कार्बन कॉप्या काढल्या. का काढल्या? टाळ्या पुन्हा ऐकायच्या होत्या बहुतेक.
पाड्यावरच्या तान्ह्यांच्या तेवढ्या वेगळ्या करून लावल्या. सगळ्यांपुढे माझ्याच अक्षरात 'जन्मतः अशक्त'. शेजारच्या रकान्यात वय. सात दिवस. आठ. सहा. आठ. नऊ.
अशक्त मूल पहिल्या-दुसऱ्या दिवशी जातं. आठवडाभर नीट राहून मग जाणारं मूल कशाने जातं, हे ट्रेनिंगच्या पहिल्या महिन्यात शिकवतात. मी तोंडी परीक्षेत हेच उत्तर दिलं होतं. बाईंनी शाबासकी

नंतर. पुन्हा बसले. का गेले नाही पाड्यावर, ते खरं लिहायचं. बांध अरुंद आहे, ओहोटीलाच पार होता येतं, साडी गुडघ्यापर्यंत चिखलात जाते, हे सगळं खरं. पण ते कारण नव्हे. कारण जनीबाय. पाड्याची सुईण. दोन वर्षांपूर्वी मी ब्लेड उकळण्याबद्दल सांगत होते, तर सगळ्या बायकांत ती म्हणाली, "लगीन नाय, पोर नाय, नि ही मना बालंतपन शिकवते!" सगळ्या हसल्या. मी पिशवी उचलली आणि आले. तेव्हापासून गेले नाही.
रुसले होते मी. पस्तिशीची बाई, सरकारी नोकर, रुसून घरी बसले. आणि तिकडे

१४ नोव्हें., मंगळ.
गेले. ओहोटी दहाला होती. मिठागरं अजून ओलीच आहेत, वाफे बांधायचं काम चालू आहे. जनीबाय दिसली नाही, बरं वाटलं.
हिराच्या घरी गेले. गेल्या वर्षीच्या 'आठ दिवस'वाल्याची ही आई. आता पुन्हा सातवा महिना. फॉर्मवर छापलेत तेच प्रश्न विचारले, वर्षभर उशिरा. पीत होता का?
"वडत व्हता ना. पाच दिस चांगला वडत व्हता. मग तोंडच उघडंना. मी बोट घातला तर दात नाय तरी दातखील. हात लावला का असा मागं वाकायचा." हाताने दाखवलं तिने.
नाळेला काय लावलं होतं? गोवरीची राख. सगळ्यांना तीच लावतात.
सासू दारात येऊन म्हणाली, "कशाला विचारते तिला? तिचा गरबच कमजोर. सरकारी कागदावर लिवलाय तसा. कोतवालानं वाचून दाखवला."
मला समजायला वेळ लागला. कोतवाल फॉर्म नेताना पाड्यावर वाचून दाखवतो, कौतुकाने. म्हणजे मी बसल्या जागी लिहिलेले दोन शब्द बांध ओलांडून इथे पोचले. मी पोचले नाही, ते पोचले. वर्षभर ही पोर ते ऐकते आहे. आता हेही मूल गेलं तर तिला माहेरी पाठवून नवऱ्याचं दुसरं लग्न करायचं, असं ठरलंय म्हणे. सासू लपवून बोलली नाही. हिराच्या समोरच बोलली.
निघताना हिरा बांधापर्यंत आली. "बाय, तो अशक्त नव्हता वो. जनीबायच्या हातात असा मुतला, तिच्या तोंडावर उडाला. सगल्या हसल्या." मग म्हणाली, "कोनी लिवला तसा?"
मी म्हटलं, बघते.
बघते! एवढंच आलं तोंडातून.

१८ नोव्हें., शनि.
चर्चमध्ये कबुलीला गेले. फा. म्हातारे आहेत, थकलेले. कामात खोटं लिहिलं, म्हणाले मी. "कुणाच्या फायद्यासाठी?" नाही फादर. "मग आळस." होय फादर. तीन 'नमो मरिया' आणि पुढे लक्षपूर्वक काम.
बाकावर बसून तीन मिनिटांत उरकलं. इतक्या स्वस्तात सुटल्याचा राग आला, फादरांचाच. पण मी त्यांना पोरांबद्दल कुठे सांगितलं? 'कामात खोटं' म्हटलं फक्त. कबुलीतसुद्धा मी कारणाच्या रकान्यात भलतंच लिहून आले.

२० नोव्हें., सोम.
डॉ.ना सांगितलं. सगळं, जनीबायच्या हसण्यासकट. मान खाली घालून सांगितलं. त्यांनी दार लोटलं.
ओरडले असते तर बरं झालं असतं. ते घाबरले. गेल्या वर्षीचे फॉर्म वर गेले, तक्ते छापूनही झाले. आता बदलायचे तर चौकशी लागेल, फॉर्मवर माझ्यानंतर त्यांच्याही सह्या आहेत, आधीच्या डॉक्टरांच्याही आहेत. "सिस्टर, झालं ते झालं. यापुढचं जे होईल ते बरोबर लिहा."
यापुढचं जे होईल ते. त्यांना कळलं आपण काय बोललो ते. मग म्हणाले, लसीची एक बाटली काढून देतो, कागदावर दाखवू नका. म्हणजे पुन्हा कागदावर नाही. तरी त्यांच्याकडून कबूल करून घेतली. नकाशाकडे मी पाहिलं नाही.

२८ नोव्हें., मंगळ.
लस आज मिळाली. थर्मासला बर्फ हवा, तो मासळीवाल्यांच्या बर्फाच्या गाडीवरून घेतला. थर्मास उघडला की बोंबलाचा वास. पाड्यावर सहा गरोदर बायका. पाचजणींनी हात पुढे केला. हिराला सासू सोडेना. "कमजोर गरबाला सुईनं काय व्हनार? कागद खोटा बोलतो काय?"
मग बोलले. अंगणात, पंधरावीस बायका, मिठागरावरून जेवायला आलेले पुरुष. म्हटलं, कागद खोटा आहे. मी लिहिलाय. मी इथे आले नाही, कुणाला विचारलं नाही, घरी चहा पीत बसून लिहिला. हिराचा मुलगा अशक्त नव्हता. त्याला धनुर्वात झाला. बाकीच्यांनाही तोच. मी टोचायला आले असते तर
कुणी शिवी दिली नाही. एक पुरुष थुंकला, पण तंबाखू खात होता, त्यामुळे नक्की सांगता येत नाही.
जनीबाय मागे उभी होती. पुढे आली. "धनुरवात कशानं व्हतो?"
सांगावं लागलं. राखेतून, न उकळलेल्या ब्लेडमधून, दोऱ्यातून.
"म्हंजे माज्या हातानं गेली ती सगली?"
मी म्हटलं, "माझ्याही." तिने ऐकलं की नाही, माहीत नाही. निघून गेली. दोन वर्षं मला हेच तिच्या तोंडावर म्हणायचं होतं. आज म्हणाले, तर आनंद कसला नि काय.
हिराला टोचलं. सासूनेच दंड धरला तिचा.

६ डिसेंबर, बुध.
दुपारी फाटकाशी जनीबाय. एवढं चालून आमच्या नंदाखालला! पप्पांनी खुर्ची दिली, बसली नाही. चहा नको, पाणीही नको. कमरेच्या गाठीतून ब्लेड काढलं, कागदात गुंडाळलेलं.
"किती येल उकलायचा?"
वीस मिनिटं म्हटलं. तिच्याकडे घड्याळ नाही. मग पप्पांनी युक्ती काढली, की चुलीवर ब्लेड ठेवल्यावरच भात चढवायचा, भात शिजला की ब्लेड झालं. हे तिला पटलं. दोराही तसाच. आणि नाळेला काहीही लावायचं नाही.
"कायच नाय?" तीनदा विचारलं. काहीच न लावणं तिला फार अवघड वाटलं.
जाताना म्हणाली, "तवा मी बोललो ते लगनाचा, ते मस्करीत बोललो." मी म्हटलं, विसरले मी ते. खोटं. पण हे एक खोटं पचेल मला.

२५ डिसेंबर, सोम. नाताळ
मिस्सा. घरी पाहुणे. दुसऱ्या डोसची लस अजून आलेली नाही. पहिल्यापासून चार आठवडे उद्या भरतात. डॉ. रजेवर. पप्पा म्हणाले, "आजच्या दिवशी तरी तोंड सरळ ठेव." ठेवलं. पण मनातलं कुणाला सांगणार, की आपल्याला नाताळची गाणी नकोत, लसीची एक बाटली हवी.

३० डिसें., शनि.
तालुक्याला जाऊन स्वतः आणली लस. तिथल्या कारकुनाने कारण विचारलं. "माझ्या भागात धनुर्वात आहे," म्हणाले. "तक्त्यात तर नाही," म्हणाला. "तक्ता मी भरलाय," म्हटलं. त्याने चष्म्यावरून बघितलं आणि दिली.
सहाहीजणींना दुसरा डोस झाला. हिराच्या बाळंतपणाला अजून महिनाभर तरी आहे. डोस अंगात मुरायला दोनतीन आठवडे लागतात.

१२ जानेवारी ७९, शुक्र.
हिरा काल पहाटे बाळंत झाली. तीन आठवडे अगोदर. मला आज कळलं. मुलगी. लहान आहे, पण रडते खणखणीत. भातासोबत ब्लेड उकळलं होतं, जनीबायने टोप दाखवला मला, शितं चिकटलेली. नाळ कोरडी.
दुसऱ्या डोसला जेमतेम बारा दिवस झाले होते. पुरे की अपुरे? डॉ.ना विचारलं. "सांगता येत नाही," म्हणाले. मग म्हणाले, "मलाही कळवत राहा."

१५ जाने., सोम.
रोज जाते. पाचवा दिवस. काल पाचवी पूजायच्या तयारीत कुणीतरी नाळेला राखेचं बोट लावलं असावं असं वाटलं, करडं काहीतरी होतं. सासू म्हणते धूळ. जनीबायने सासूला असं काही झापलं की शब्द लिहीत नाही. पुसून घेतलं. धूळच असेल.
मुलगी ओढते आहे. मी हिराच्या शेजारी बसून घोट मोजते. मूर्खपणा आहे हा, घोट मोजून काय होतं.

१७ जाने., बुध.
सातवा दिवस. सकाळी पीत होती. दुपारी झोपेतून उठवली तर जरा वेळ तोंड लावेना, मग लावलं. हिरा माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी तिच्या. हनुवटी दाबून पाहिली, सैल आहे. मला वाटतं, सैल आहे.
निघाले तर दाराशी एक बाई बसलेली. मंजुळा. पाड्याच्या पार टोकाला राहते. माझ्यासाठीच थांबली होती, सकाळपासून. म्हणाली, "माज्या पोराला काय व्हता? कागदावर तुमी काय लिवला?"
मी विचारलं, कधीचं? दोन वर्षांपूर्वीचं, होळीच्या आसपास. मला आठवेना. फॉर्म माझ्याच हाताने भरलेला, आणि काही म्हणजे काही आठवेना. तिला वाटलं मी आठवते आहे, म्हणून ती थांबली. मग तिनेच सांगायला सुरुवात केली. मुलगा होता, डोक्यावर जावळ दाट, उजव्या कानाला चिरा. सहाव्या दिवशी दूध सोडलं. मी चिखलातच उकिडवी बसून वहीत सगळं उतरवून घेतलं. जावळ, कानाचा चिरा, दिवस. हे कुठे पाठवायचं ते मला माहीत नाही. ती म्हणाली, आनखी दोघी येनार हायेत, त्यांना मीच सांगितलंय.
उद्या ओहोटी साडेनऊची. त्याआधी पाड्यावर पोचायला बांधाची वाट नाही, म्हणून होडीवाल्याला सातला सांगितलंय. आठवा दिवस.