मासेरूचा शर्ट

२२ फेब्रुवारी २००४
हॅलोरन येणार! आमचे काँग्रेसमन, म्हणजे इथले अमेरिकेतले खासदार, मराठी मंडळाच्या गुढीपाडव्याला प्रमुख पाहुणे. सगळ्यांना त्यांच्याशी व्हिसाबद्दल बोलायचंय. मला आफ्रिकेबद्दल. त्यांचं म्हणणं — आफ्रिकेत शिवलेले कपडे बिनड्यूटीचे हवेत, तर कापडही आफ्रिकेचं नाहीतर अमेरिकेचं हवं. माझे शाळेचे युनिफॉर्म शिवतात लेसोथोत, मासेरूला. कापड मात्र इचलकरंजीचं, माझ्या धाकट्या भावाच्या, अतुलच्या मागांवरचं. परक्या कापडाची सवलत सप्टेंबरात संपतेय. वाढली नाही तर तिथल्या बायकांचं काम गेलं, आणि माझा धंदाही.
पण माणसाला पटवणं मला जमतं.

१४ मार्च
मंडळाचे अध्यक्ष त्र्यंबककाका हटून बसलेत — "शाल-श्रीफळच. शर्ट काय देतेस, तो काय जावई आहे?" म्हटलं, दोन्ही देऊ. मासेरूच्या पुलेंगबाईंनी शिवून पाठवलाय. त्यांच्या हाताखाली चाळीस बायका. माप मी पेपरातल्या फोटोवरून कळवलं.

२८ मार्च
काल मैदान मारलं. शर्ट पोटावर जरा तटतटला, पण बसला. हॅलोरननी कॉलर उलटी करून शिलाई पाहिली. मग माइकवर म्हणाले, माझे वडील पॅटर्सनच्या गिरणीत होते. मालकाने एका उन्हाळ्यात माग उचलून दक्षिणेला नेले. मला आफ्रिकेचं वावडं नाही, शुभा. मला उठून जाणाऱ्यांचा राग आहे. जानेवारीत आयातीचा कोटा संपेल, भारतातून हवे तेवढे कपडे आणता येतील. तेव्हाही लेसोथोत राहाल?
सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. मी माइक घेतला. माझी कंपनी आहे तोवर मासेरू सोडणार नाही, म्हटलं. टाळ्या पडल्या.
शाल त्यांच्या सेक्रेटरीने परत केली, नियमात बसत नाही म्हणून. शर्टाचा चेक दिला. नारळ मात्र नेला.
गाडीत संजय — "इतकं कमिट कशाला केलंस यार?" मागून हिमानी — "आई, यू वर ऑसम." नवऱ्यापेक्षा लेकीला जास्त कळतं.

१४ जून
सवलत वाढवायचं बिल सभागृहात मंजूर. आवाजी मतदान, कोण काय म्हणालं ते समजत नाही. पण संध्याकाळी हॅलोरनचा स्वतःचा फोन. "मी यस म्हटलं. तुमच्या शब्दावर."

१३ जुलै
राष्ट्राध्यक्षांची सही झाली! सवलत तीन वर्षं वाढली. पुलेंगबाई फोनवर हसत होत्या, मागे बायका गात होत्या. मला आता 'मे शुभा' म्हणतात. मे म्हणजे आई. बेचाळिसाव्या वर्षी चाळीस लेकी झाल्या मला.

२१ नोव्हेंबर
अतुलचा फोन. "ताई, कोटा गेला की शिवायचंही इथेच करू. मशिनी घेतल्यात मी. ड्यूटी भरूनसुद्धा स्वस्त पडतंय बघ." नाही म्हटलं. शब्द म्हणजे शब्द. "मग मशिनींची काय पूजा घालू?" म्हणाला. दोघंही हसलो.

१२ डिसेंबर
तीन शाळांचं काम दुसऱ्याने नेलं, त्याचा माल भारतात शिवून येणार. संजय म्हणतो, आकडे बघ. बघितले. तरी मासेरूच.

१९ डिसेंबर
आणखी दोन शाळा गेल्या. संजयने आकड्यांचा कागद माझ्यासमोर ठेवला आणि झोपायला गेला. बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

५ जानेवारी २००५
हॅलोरनचं नव्या वर्षाचं कार्ड आलं. फोटोत अंगात तोच शर्ट.
दुपारी मासेरूला फोन केला. पुलेंगबाईंनी आधी हिमानीची चौकशी केली. मग विचारलं, "मे शुभा, पुढचं कापड निघालं का?" म्हटलं, आता नाही येणार, काम भावाकडे दिलंय. मग म्हणाल्या, "बायकांना तुम्ही सांगता, की मी सांगू?"
तुम्हीच सांगा, म्हटलं मी.