अर्धा इंच दोरी

कौडर्सपोर्ट, पेनसिल्व्हेनिया
२८ ऑगस्ट २०११

ती. लोइस आत्यास,
लायलचा नमस्कार. वि. वि.

फोनवर तुला माझं निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानं जुळवतेस, म्हणून पत्रच लिहितोय. अ‍ॅरिझोनात उन्हाळा कमी झाला का? इथे सकाळी धुकं पडायला लागलंय.

अडचण अशी आहे की बाबांच्या चाकांच्या, म्हणजे कंपाउंड धनुष्यावरचा बाणाचा टेकू मोडलाय आणि नवा मी निवडायचा आहे. दुकानात मी दिवसभर लोकांची धनुष्यं बांधून देतो, पण घरच्या धनुष्याशी येऊन अडलो. एक टेकू म्हणजे ताठ केसांचं कडं. बाण मधल्या भोकात घालायचा, चहूकडून धरला जातो, धनुष्य उलटं केलं तरी पडत नाही. दुसरा पडता टेकू. त्याची दोरी धनुष्याच्या तारेला बांधायची. ओढताना दांडी वर येऊन बाण उचलते, सोडला की खाली पडते, बाण कशालाच न घासता जातो. हा जास्त नेमका. पण दांडी वर येईपर्यंत बाण नुसता आडवा पडलेला असतो. तेवढा वेळ हात स्थिर लागतो.

बाबांचा हात स्थिर नाही, आत्या. कॉफीचा कप ते आता दोन्ही हातांनी धरतात आणि मी पाहिलं की खाली ठेवतात. मी फक्त एवढंच म्हटलं की कडं बरं पडेल. त्यावर म्हणाले, बाटल्या धुवायचा ब्रश लावून मी शिकारीच्या कॅम्पवर जाऊ? दहा वर्षांच्या पोरांना देतात तो! तिथला नॉर्बर्ट मला सोबत दुधाची बाटलीही देईल.

आणि यंदाच कॅम्पचा सभासद म्हणून माझं नाव मताला येतंय. दहा वर्षं मी तिथली भांडी घासली, लाकडं फोडली. आठच्या आठ जणांनी हो म्हटलं तर भिंतीकडचं झोपायचं रिकामं बाकडं माझं. अशा वेळी बाबांशी वाद नको वाटतो. काय करू ते लगेच कळव.

तुझ्या उत्तरावर डोळे लावून बसलेला,
लायल


टुसॉन
५ सप्टेंबर २०११

चि. लायल,
आत्याचे आशीर्वाद.

इथे उन्हाळा कमी होत नाही, फक्त माणसं कमी होतात. माझी तब्येत बरी आहे. कान गेले ते एका परीनं बरंच झालं, शेजारीण फार बोलते.

तुझ्या आजोबांचे हातही साठीनंतर असेच गेले. मर्लनं ते बघितलंय, म्हणूनच कप खाली ठेवतो. माझ्या भावाला मी ओळखते. त्याला जखम चालते, पट्टी चालत नाही. तू कडंच लाव आणि सरळ सांग की बाबा, तुमचा हात थरथरतो. दोन दिवस तोंड फिरवेल, तिसऱ्या दिवशी जेवायला येईलच. स्वयंपाक तूच करतोस ना!

घाबरून गप्प बसू नकोस. तुझी ती जुनी खोड आहे. पोट सांभाळ आणि पत्र टाकायला आळस करू नकोस.

तुझी,
लोइस आत्या


कौडर्सपोर्ट
१६ ऑक्टोबर २०११

ती. लोइस आत्यास,
लायलचा नमस्कार. वि. वि.

तुझं ऐकलं नाही. पडता टेकू लावला. तीन संध्याकाळी दोरीची लांबी जुळवली, बाणाच्या पिसांवर पायाला लावायची पावडर फवारून पाहिलं की कुठे घासतं का. कुठेच नाही. मग गाठीपाशी दोरीवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला. दोरी सरकली तर कळावं म्हणून मी सगळ्याच गिऱ्हाइकांना तसा देतो.

मागच्या शनिवारी कॅम्पवर बाबांनी आठ टोकांच्या शिंगांच्या हरणाच्या नरावर बाण सोडला. अंतर अठरा यार्ड. या अंतरावर ते झोपेतही चुकत नाहीत. बाण वाकडा गेला आणि पोटात बसला. आम्ही सगळ्यांनी मिळून तीन तास रक्ताचा माग काढला. दलदलीपाशी थेंब संपले. पहाटे तिकडून कायोटींचं, त्या रानकोल्ह्यांचं, केकाटणं ऐकू आलं. नर गेलाच.

धनुष्य मी पाहिलं. ठिपका गाठीपासून अर्धा इंच सरकला होता. आपोआप सरकला असता तर दोरी सैल पडली असती. ही आखूड करून, नवी गाठ मारून, टोक जाळून बसवलेली होती. आत्या, मला लगेच समजलं. ओढताना हात थरथरून बाण टेकूवरून घसरत असणार, म्हणून दांडी लवकर वर यावी असं त्यांनी केलं. पण लवकर वर येणारी दांडी उशिरा पडते. पिसं तिच्यावर आपटली.

कॅम्पचा नियम तुला माहीत आहे. बाण वाया गेला की सोडणाऱ्याच्या शर्टाचं मागचं टोक कापून तुळईला ठोकायचं. नॉर्बर्टकाका कात्री घेऊन आले आणि बाबांना म्हणाले, मर्ल, ऊठ, कापडाची वेळ झाली. बाबा उठले नाहीत. म्हणाले, माझं कसलं कापता? ज्यानं बांधलं त्याचं कापा. नॉर्बर्टकाकांनी विचारलं, दोरीला तू हात लावला होतास का? बाबा सूपच्या वाडग्यात बघत म्हणाले, मी लावला असता तर नीट नसती का बांधली?

सगळे हसले. मग माझ्याकडे बघायला लागले. धनुष्य माझ्या मांडीवर होतं आणि ठिपक्यावर माझा अंगठा होता.

मी उभा राहिलो आणि पाठ फिरवली. नवा फ्लॅनेलचा शर्ट होता. कोणीतरी म्हणालं, पोराकडून धनुष्य बांधून घेण्यापेक्षा दगड मारलेला बरा.

जेवणानंतर मत झालं. टोपीत भरलेलं काडतूस टाकलं तर हो, रिकामं टाकलं तर नाही. दोन रिकामी निघाली. नाव पाडायला एक पुरलं असतं. आता पाच वर्षं नाव घालता येत नाही.

रागावलीस तरी उत्तर दे.

लायल


टुसॉन
२४ ऑक्टोबर २०११

चि. लायल,
आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मर्लचंही आलं. लिहितो, पोरानं दोरी आखूड बांधली, माझं हरीण घालवलं, वर स्वतःचं नावही घालवलं, वाईट वाटतं. वाईट वाटतं म्हणे! मी ते दोनदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

तो कॅम्प माझ्या बापानं उभा केला. मला तिथे कधी झोपू दिलं नाही, पण छपराचे पत्रे मी वर चढवून दिलेत. नॉर्बर्टला मी लहानपणापासून ओळखते. आज त्याला पत्र लिहिलं की उद्या तुझं नाव परत मताला येईल. फक्त तू हो म्हण.

नाहीतर सरळ इकडे निघून ये. माझ्याकडे खोली आहे, गावात धनुष्याची दुकानंही आहेत. तिथे कोणाचा शर्ट कापत नाहीत.

हो की नाही, एवढंच लिहिलंस तरी चालेल.

तुझी,
आत्या


कौडर्सपोर्ट
२० नोव्हेंबर २०११

ती. लोइस आत्यास,
लायलचा नमस्कार. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, माफ कर. नॉर्बर्टकाकांना लिहू नकोस. ठिपका मी खरवडून टाकला, आता दाखवायला काही नाही.

मत झाल्यानंतरच्या सोमवारी बाबा दुकानात आले. चार गिऱ्हाइकं होती. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, आमच्या चिरंजीवांनी जे केलं त्यानंतर मला कसल्याच नाजूक यंत्राचा भरवसा नाही, तो ब्रश दे लावून. लोक म्हणाले, खरंय, मर्ल, तुझं चुकत नाही. मी कडं लावलं. बाण मधोमध येईपर्यंत सहा वेळा मोजलं. बाबा छताकडे बघत उभे होते. हात खिशात होते.

दहा दिवसांपूर्वी त्यांना नर मिळाला. बावीस यार्ड, एकच बाण, हृदयात. कॅम्पवर त्यांच्या नावानं पेले उचलले म्हणे. आता तिघांनी माझ्याकडे तसंच कडं मागितलंय. ब्रश म्हणून कोणी हसत नाही.

तू बोलावलंस ते मी रोज आठवतो. खोलीला खिडकी कुठल्या बाजूला आहे, हेही विचारणार होतो. पण काल जेवताना बाबांनी काटा खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं की नाताळानंतरच्या मोसमासाठी धनुष्याचा ताण दहा पौंडांनी उतरवून ते ओढायला हलकं करता येईल का. मी म्हटलं, येईल. मग त्यांनी विचारलं, कॅम्पवर काय सांगायचं?

मी म्हटलं, सांगा, लायलनं पुन्हा काहीतरी बिघडवलं.

ते बरं म्हणाले आणि मला बटाटे वाढले. निम्मे ताटाबाहेर सांडले. आम्ही दोघांनीही ते पाहिलं नाही.

माया कमी करू नकोस.

लायल